नोटिशीचं मागलं पान

कोणाच्याही घरी माप घ्यायला गेले की ते चपला फाटकाबाहेर काढायचे. अंगण सारवलेलं असो की चिखलानं भरलेलं, आत जायचं ते अनवाणीच. मी नोकरीला नवी होते. पहिल्याच दिवशी चपलांसकट एका ओट्यावर चढले, तर त्यांनी माझ्या हातातलं टेपचं टोक काढून घेतलं आणि म्हणाले, "बेटा, आपन याइच्या घरावर कर लावाले आलो. निदान पाय तं साफ ठेवू."

मी तेव्हा ग्रामपंचायतीत कर विभागात कारकून म्हणून लागले होते आणि ते माझे वरिष्ठ होते. सेलू-सिंदीच्या बाजूचं आमचं गाव. नाव मुद्दाम सांगत नाही. गावात सगळे त्यांना काकाजी म्हणत, मीही तेच म्हणायची.

माप घेतलेल्या घरचं पाणी ते पीत नसत. खांद्याच्या पिशवीत स्वतःची बाटली असायची. त्यांचं घर विहाराच्या गल्लीत. त्यामुळे वरच्या मोहल्ल्यातल्या लोकांना वाटायचं, आपण भांडं वेगळं देऊ अशी यांना शंका आहे. त्यांच्या स्वतःच्या गल्लीतले म्हणायचे, नोकरीनं चढला. खरं कारण त्यांनी मला एकदा उन्हात चालता चालता सांगितलं.

"पानी प्यालो का एक फूट कमी होते. चहा प्यालो का खोलीच गायब होते. मानूस आहे बेटा, हात हलतेच."

घरपट्टीची नोटीस म्हटली की लोक घाबरतात. कागद घडी करून देवाच्या फोटोमागे खोचतात, आणि मुदत गेली की काढतात. काकाजींना याचा भयंकर राग. ते नोटीस हातात घेत, उलटी करत आणि मागल्या बाजूला मोहरीएवढ्या अक्षरांत जे छापलेलं असतं ते सुरुवातीपासून शेवटपर्यंत मोठ्यानं वाचून दाखवत. आकारणी मान्य नसेल तर अमुक दिवसांत लेखी आक्षेप घ्या. सुनावणी मिळेल. निर्णय मान्य नसेल तर अपील करा. कोणाला माफी आहे, कोणाला सूट आहे. "पुढलं पान सरकारचं," ते म्हणायचे, "मागलं पान तुमचं. अन् तुमी आपलंच पान वाचत नाई."

एका लग्नात पंगत बसली होती. शेजारच्यानं सहज म्हटलं, औंदा घरपट्टी लई आली काकाजी. झालं. त्यांनी त्याच्या लेकीला घरी पाठवून नोटीस मागवली आणि वाढलेल्या ताटावर बसून वाचायला सुरुवात केली. भात थंड, वरण थंड. वाढपी कढीचं भांडं घेऊन उभाच. नवरदेवाचा मामा येऊन म्हणाला, "काकाजी, जेवन करा ना जी आधी." ते म्हणाले, "जेवन संध्याकाळीबी आहे. याची मुदत परवा संपते." तो माणूस दुसऱ्या दिवशी खरोखर अर्ज घेऊन आला. त्याच्या पडक्या मागच्या खोलीवर आम्ही दोन वर्षं कर लावत होतो.

त्यांच्या घराच्या दर्शनी भिंतीवर, दाराच्या उजव्या बाजूला, निळ्या ऑइलपेंटनं घराची लांबी, रुंदी, बांधकामाचं साल आणि छताचा प्रकार लिहिलेला होता. बायकोला याची लाज वाटायची. आणि एकदा तर कहरच झाला. घरामागे त्यांनी एक लहानशी न्हाणी बांधली. छत टाकून झालं त्याच दिवशी स्वतःच्या हातानं अर्ज लिहून कार्यालयात दिला, की माझं बांधकाम वाढलं आहे, कर वाढवून मिळावा. सरपंच अर्ज वाचून हसत सुटले. काकूंना कळलं तेव्हा त्या थेट कार्यालयात आल्या.

"दुनियेत कोनी सोताहून कर वाढवून मागते का वो? तुमालेच कसं सुचते हे?"

"मी माहीच न्हानी लपवली तं लोकाइले कोन्या तोंडानं इचारू?"

"इचारू नोका ना मंग! कोनं सांगतलं इचाराले?"

त्यांनी कर वाढवून घेतलाच.

वारसनोंदीचा त्यांना नादच होता. घर आजोबांच्या नावावर, आजोबा जाऊन तीस वर्षं झालेली, आणि नातू दरवर्षी पावती घेऊन समजतो की घर आपलं आहे. अशी गावात अर्धी घरं. ते सांगून सांगून थकत, की पावती हा भरल्याचा पुरावा आहे, मालकीचा नाही. "मेलेल्या मानसाले नोटीस जाते अन् जित्याले शास्ती लागते," हे त्यांचं पालुपद. शास्ती म्हणजे थकलेल्या करावर महिन्यामागे चढत जाणारा दंड. कोणाच्या घरी मयत झाली की तेरवीला ते खिशात वारसनोंदीचा कोरा अर्ज घेऊन जायचे. जेवण होईपर्यंत थांबायचे, हात धुवायचे आणि मग अर्ज काढायचे. एका बाईनं त्यांना अंगणाबाहेर काढलं, भांडं फेकून मारलं. दुसऱ्या दिवशी ते परत गेले. "दुःख आपल्या जागी, नोंद आपल्या जागी," असं म्हणाले म्हणे. तिसऱ्या दिवशी ती बाई सही करायला आली.

मला ते विक्षिप्त वाटायचे, कधी कधी कंटाळाही यायचा. पण कर म्हणजे काय, घसारा म्हणजे काय, जुन्या घराला कमी आणि नव्याला जास्त का, राहत्या घराचा आणि भाड्याच्या घराचा दर वेगळा का, हे मला त्यांनीच शिकवलं. आज मला जे येतं ते सगळं त्यांचं आहे. हे आधी सांगून ठेवते.

आता मावशीबद्दल सांगते. कार्यालयामागच्या गल्लीत ती राहायची. दोन खोल्यांचं कवेलूचं, म्हणजे कौलारू, घर, मूलबाळ नाही. हंगामात कापूस वेचायला जायची, एरवी कोणाच्या पापड-कुरड्या करून द्यायची. एप्रिल लागला की गावात सगळ्यांत आधी घरपट्टी भरणारी हीच. एकदा आम्ही फेरमोजणीला तिच्या घरात गेलो तेव्हा काकाजींना कोपऱ्यात एक काळी लोखंडी पेटी दिसली. पेटीवर पांढऱ्या रंगानं एक नंबर आणि एक नाव.

"मावशी, हे पेटी कोनाची?"

"त्याइची. फौजेत होते ना."

काकाजी टेप गुंडाळत होते. थांबले. "तुमी फौजीच्या बाई आहा? मंग तुमाले घरपट्टी माफ आहे. इतले वर्ष काऊन भरून राह्यल्या?"

"कोनं सांगतलंच नाई तं," मावशी म्हणाली.

त्या दिवशी त्यांनी डबा उघडला नाही. इतकी वर्षं मावशीची पावती त्यांनीच फाडली होती. तिच्या घरात ते आधीही जाऊन आले होते, पण पेटीवर तेव्हा गोधड्या होत्या.

माफी अशी आपोआप मिळत नाही. माजी सैनिकाला किंवा त्याच्या विधवेला एका राहत्या घरापुरती असते, घर तिच्या किंवा त्याच्या नावावर हवं, आणि जिल्ह्याच्या सैनिक कार्यालयाचं प्रमाणपत्र हवं. मावशीचा नवरा पेन्शन लागायच्या आधीच छातीच्या दुखण्यानं घरी आला होता. त्यामुळे बँकेत त्याचा काही कागद नव्हता. होतं ते फक्त फौजेतून सुटताना मिळालेलं पुस्तक, पेटीच्या तळाशी, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं. काकाजींनी आधी घरावर मावशीचं नाव लावलं. मग स्वतःच्या रजा टाकून तिला एसटीनं तीनदा वर्ध्याला नेलं. प्रमाणपत्र मिळालं. अर्ज मी घेतला. तेव्हाचे ग्रामसेवक म्हणाले, प्रमाणपत्र आणि पुस्तक दोन्ही मूळ प्रती जोडा, पडताळून परत देऊ. मी मावशीला पोच लिहून दिली आणि सांगितलं, पंधरा दिवसांनी घेऊन जा.

माफी मंजूर झाली. मावशी वाटीभर शेवया घेऊन काकाजींच्या घरी गेली. त्या तरी त्यांनी खाल्ल्या की नाही, माहीत नाही. मला एवढंच आठवतं की ती कार्यालयात येऊन म्हणाली, "पैशाचं जाऊ द्या. त्याइचं नाव सरकारी कागदावर आलं."

पुस्तक परत घ्यायला ती दोनदा आली. एकदा ग्रामसेवक नव्हते. एकदा मी कामात होते, म्हटलं नंतर या. मग ती आली नाही, आणि मीही विसरले.

काकाजी सेवानिवृत्त झाले. पुढे आमच्या गावाची नगरपंचायत झाली. नवी इमारत, नवे मुख्याधिकारी. जुनं दप्तर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून आणायचं ठरलं. अर्धं आलं, अर्धं जुन्या इमारतीच्या मागच्या खोलीत राहिलं. एका पावसाळ्यात त्या खोलीचं छत गळलं आणि उरलेलं वाळवीनं पाहून घेतलं. सगळं दप्तर सुस्थितीत मिळालं अशा यादीवर सही माझी होती. मला सांगण्यात आलं, करून टाका मॅडम, नाहीतर तुमचंच समावेशन अडकेल. ग्रामपंचायतीच्या कर्मचाऱ्यांना नगरपंचायतीच्या सेवेत कायम करून घेतात, त्याला समावेशन म्हणतात. आमचं कित्येक वर्षं लटकलेलं होतं. मी सही केली.

मग नवी कर आकारणी आली. बाहेरच्या एका कंपनीला काम दिलं होतं. वरून ड्रोन फिरलं, खाली टॅब घेतलेली माणसं रस्त्यावरूनच फोटो काढत गेली. चपला काढायचा प्रश्नच नव्हता, कोणी आत गेलंच नाही. वरून जे छत दिसलं ते बांधकाम. कपाशीच्या पऱ्हाटीच्या कुडाचा ढोरांचा कोठा बांधकाम, विहिरीवरचा पत्रा बांधकाम. ओसरीत पिठाची चक्की असेल तर सगळं घरच वाणिज्य. नोटिसा निघाल्या तेव्हा गावात कोणी मोठ्यानं बोलेना. कागदाकडे पाहून लोक एकमेकांकडे पाहत.

लोक काकाजींकडे गेले. दुसरं कुठे जाणार? त्यांच्या छपरीत रोज रांग लागू लागली. ते प्रत्येकाची नोटीस उलटी करत, मागलं पान वाचत, त्याच्या घरी जाऊन अनवाणी पुन्हा माप घेत आणि आक्षेप लिहून देत. डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता, कागद नाकापर्यंत न्यावा लागे. काकू चहा करून करून थकल्या. घरमालकानं कारकुनाच्या दारात चहा प्यायला हरकत नाही, असा उलटा नियम काकाजींनी केला होता.

ते प्रत्येकाला दोन गोष्टी सांगायचे. एक, मुदतीच्या आत आक्षेप द्या. दोन, निकाल लागेपर्यंत जुन्या दरानं कर भरत राहा आणि पावतीवर 'आक्षेपासह भरला' असं लिहून घ्या, म्हणजे शास्ती लागणार नाही. पहिली गोष्ट सगळ्यांनी ऐकली. दुसरी गल्लीगल्लीतून फिरता फिरता बदलली. काकाजींनी सांगतलं आक्षेप द्या. काकाजींनी सांगतलं निकाल लागेलोक थांबा. काकाजींनी सांगतलं भरू नोका.

आणि ज्यांनी नीट ऐकलं होतं ते जुन्या दराचे पैसे घेऊन माझ्या खिडकीशी आले. संगणक जुना दर घेत नव्हता. पूर्ण रक्कम टाका, नाहीतर पावती नाही. मी मुख्याधिकाऱ्यांना विचारलं. ते म्हणाले, "सिस्टीम घेत नसेल तर आपण काय करणार?" मी लोकांना परत पाठवलं. काकाजी एकदा स्वतः आले.

"बेटा, हातानं पावती फाड. पुस्तक तं आहे ना?"

"पुस्तक बंद केलंय काकाजी."

"मंग त्याइले तसं लिहून दे, का भराले आलते अन् घेतलं नाई."

"तसं लिहून द्यायची परवानगी नाही."

त्यांनी खिडकीचा गज सोडला. मग रांगेत जे होते त्यांना म्हणाले, चला. तेव्हा मला फक्त एवढंच वाटलं की बरं झालं, गर्दी कमी झाली.

मावशीलाही नोटीस आली होती. नवी यादी कोरीच बनवलेली. माफीच्या रकान्यात काही नव्हतं. नुसता या वर्षाचा कर नाही, माफीच्या सगळ्या वर्षांचा कर थकबाकी म्हणून चढला होता, वर शास्ती. काकाजी म्हणाले, घाबरू नका, कागद कार्यालयात आहेत, पोच तुमच्याकडे आहे. मावशीनं घरभर शोधलं. पोच तिनं कवेलूखालच्या आढ्यात खोचली होती. तिथे काढायला गेली तर हातात नुसता भुगा आला. काकाजी वर्ध्याला जाऊन आले. तिथे जुन्या प्रमाणपत्राची नोंद सापडली नाही. माणसं मात्र भली, त्यांनी फौजेच्या रेकॉर्ड ऑफिसला पत्र लिहिलं. पण पुस्तकाशिवाय उत्तर यायला वेळ लागणारच होता.

सुनावणी एका मंगल कार्यालयात ठेवली. सगळ्या वॉर्डांची एकाच दिवशी. दारात रजिस्टर, आल्याची सही करायची, नाव पुकारलं की टेबलासमोर जायचं. टेबलापलीकडे बाहेरून आलेले साहेब, शेजारी मी, रकाने भरायला. काकाजींनी आठवडाभर लोकांची तयारी करून घेतली होती. आपल्या घराबद्दल आपणच बोलायचं, असा त्यांचा हट्ट. पण टेबलासमोर आलं की लोक हात जोडत. "काय म्हणणं आहे?" साहेब विचारत. "पाहून घ्या साहेब," एवढंच लोक म्हणत. हातात काकाजींनी लिहून दिलेला कागद असे, मोजमापासकट. तो तसाच घडीत राही. मागच्या रांगेत काकाजी ओठ हलवत बसलेले. त्यांना सगळ्यांचं सगळं पाठ होतं.

मावशी मात्र बोलली. हात न जोडता बोलली.

"माह्ये मालक फौजेत होते जी. मले घरपट्टी माफ आहे. कागद इथंच दिलते."

"मूळ कागद कुठे आहेत?"

"इथंच, जी. कार्यालयात."

"पोच?"

"पोच सडली जी पान्यानं."

मागून काकाजी उठले. "साहेब, मी बोलू का?"

"आपण कोण?"

"मी पयले इथंच नोकरीत होतो. आता याइचा शेजारी."

"शेजाऱ्याला बोलता येणार नाही."

"मंग माहं नोका ऐकू. या बाई बसल्या ना तुमच्या बाजूले, याइलेच इचारा. कागद याइनंच घेतलते. पोच याइनंच देली."

साहेबांनी मान वळवली. "मॅडम, तुम्हाला आठवतं?"

मला आठवत होतं. प्लास्टिकचा तुकडा आठवत होता, तो कुठल्या कापडदुकानाच्या पिशवीचा होता तेही. पुस्तक परत मागायला ती आली तेव्हाची तिची साडी आठवत होती. 'हो' म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, की मग ते कागद आहेत कुठे. आणि यादीवर माझी सही होती.

मी म्हणाले, "रेकॉर्ड बघावं लागेल, सर."

"बघून सांगा," साहेब म्हणाले आणि त्यांनी पुढचं नाव घेतलं.

मावशी तिथेच उभी राहिली. तिला कळलं नाही की झालं. काकाजींनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. माप घेताना आकडा भलताच आला की ते टेप पुन्हा डोळ्यांजवळ नेऊन बघायचे, तसं.

निकाल कसा लागला हे सांगायलाच नको. 'सुनावणी दिली. आक्षेप अमान्य.' हे दोन शब्दगट मी चार दिवस बसून रकान्यात भरले. मावशीच्या नावापुढे 'पुरावा सादर केला नाही' असं जास्तीचं एक वाक्य आहे. अक्षर माझं आहे.

थांबलेल्यांवर शास्ती चढली. मार्चच्या वसुलीसाठी नळ कापायला माणसं निघाली. आणि गाव काकाजींवर उलटलं. ज्यांच्या न्हाणीची, कोठ्याची मापं त्यांनी उन्हात काढली होती तेच लोक चौकात म्हणू लागले, यानं फसवलं. ते घरोघरी जाऊन सांगत होते, की मी भरू नका म्हटलं नव्हतं, दोन गोष्टी सांगितल्या होत्या. एका दारात मी स्वतः ऐकलं. घरमालक म्हणाला, "तुमी तं पेन्शनवर बसले काकाजी. नळ आमचा गेला." ते म्हणाले, "हाव. बरोबर आहे तुमचं." त्यांनी दुसऱ्या गोष्टीचं नावही काढलं नाही. त्यानंतर ते कोणाच्या दारात गेले नाहीत. छपरीतली खुर्ची काकूंनी आत नेली.

एका रविवारी दुपारी मी त्यांच्या घरी गेले. का गेले ते नक्की सांगता येत नाही. झोप लागत नव्हती, एवढं खरं. ते आतल्या खोलीत खाटेवर बसले होते. मी उभ्यानंच म्हणाले, "काकाजी, मावशीनं कागद दिले होते. मीच घेतले. मला तेव्हाही आठवत होतं. दप्तर सडलं, आणि यादीवर मी खोटी सही केली आहे."

काकू दारात थबकल्या. मला वाटलं, चिडतील. किंवा म्हणतील, जाऊ दे बेटा, तुझीही नोकरी होती. मी बहुधा तेच ऐकायला गेले होते.

ते म्हणाले, "लिहून देशील?"

"काय?"

"हेच. जे आता सांगतलं ते. अपिलाची मुदत अजून अकरा दिवस आहे. तुह्या एका कागदावर मावशीचं घर वाचते."

"घर? कर भरायचा प्रश्न आहे ना काकाजी?"

"तिच्याजवळ कुठून येईन इतला पैसा? तिच्या पुतण्याले बोलावलं तिनं. तो भरतो म्हन्ते. पन घर नावावर कर म्हन्ते."

मी म्हणाले, "विचार करून सांगते."

"कर इचार," ते म्हणाले. "पन मुदतीत कर."

मी दोनदा लिहिलं. दोन्ही वेळा फाडलं. घरात कमावणारी मी एकटी, सासू अंथरुणाला, मुलगी बारावीला, समावेशनाची फाइल मंत्रालयात. ही कारणं खरी आहेत. अकरा दिवस मी ती रोज मोजली, आणि रोज ती पुरेशी वाटली.

अकराव्या दिवशी दुपारी काकाजी कार्यालयात आले. माझ्या खिडकीसमोरच्या बाकावर बसले. ओळखीचे लोक आले, त्यांना टाळून गेले. मी पावत्या काढत राहिले. मान वर केली की ते दिसायचे, म्हणून मी मान वर केली नाही. कार्यालय सुटायची वेळ झाली. शिपाई खिडक्या लावू लागला तेव्हा ते उठून माझ्याजवळ आले.

"मुदत संपली बेटा," ते म्हणाले. "आता लिहून देलं तरी काही उपेग नाई. तू घरी जा."

माझ्या समावेशनाचा आदेश पुढच्याच महिन्यात आला. कार्यालयात पेढे वाटले गेले. मीच वाटले.

मावशीच्या पुतण्यानं थकबाकी भरली. तो बुटीबोरीकडे कंपनीत गाडी चालवतो. वाईट माणूस नाही. मावशीला मरेपर्यंत मागच्या खोलीत राहू देतो असं त्यानं कबूल केलं आणि ते पाळतोही. रजिस्ट्री होऊन घराचं बक्षीसपत्र झालं आणि नाव बदलण्याचा अर्ज माझ्या टेबलावर आला. आमच्याकडे त्याला आधीच्या मालकाचं संमतीपत्र आणि दोन साक्षीदार लागतात. एक साक्षीदार पुतण्याचा मित्र होता. दुसरे काकाजी. मावशीनंच त्यांना आणलं होतं, दुसरं कोणी तिच्या ओळखीचं नव्हतं.

मी अर्ज वाचून दाखवला. नियमाप्रमाणे विचारावंच लागतं, म्हणून विचारलं, "मावशी, स्वखुशीनं देता ना?"

मावशी काकाजींकडे पाहू लागली. त्यांनी खाली पाहिलं.

"लिवा, बाप्पा, स्वखुशीनं," मावशी म्हणाली.

मी लिहिलं. तिनं सही केली, हळूहळू, एकेक अक्षर. मग काकाजींनी कागद नाकापर्यंत नेला, दोन्ही बाजूंनी वाचला आणि साक्षीदाराच्या रेघेवर सही केली. पूर्ण नाव, खाली तारीख.

"अजून कुठं लागते सही?" त्यांनी विचारलं.

"नाही काकाजी. झालं."

त्यांनी पेनाला टोपण लावलं. मावशीला पायऱ्या नीट दिसत नाहीत, त्यांनाही दिसत नाहीत. दोघं एकमेकांचा हात धरून उतरले. खाली रस्त्यावर पुतण्या गाडी सुरू करून उभा होता. त्यानं मावशीला मागे बसवलं. काकाजी पायी घराकडे गेले. खिडकीशी रांग होती. मी पुढचा अर्ज घेतला.